कंबरेत उसण भरली तेव्हा

वाचकहो, सोयाबीनचा कट्टा खालून उचलून बंडीत टाकताना कंबरेत एकदम कळ जावी, हातातला कट्टा सुटावा आणि माणूस अर्धवट वाकलेला तसाच खिळून उभा राहावा, असा प्रसंग तुमच्यावर कधी आला आहे काय? आला नसेल तर तुमचे नशीब थोर. आला असेल तर पुढचे तुम्हांला सांगायला नकोच. माझ्यावर तो कोजागिरीनंतर दोनच दिवसांनी आला. मळणी आटोपली होती, माल घरी न्यायचा होता, हरभऱ्याची पेरणी डोक्यावर होती आणि पऱ्हाटी फुटायला लागली होती. अशा दिवसांत शेतकऱ्याने आडवे पडणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरालाच ठाऊक.

आमचे गाव चांदूर रेल्वे तालुक्यात आहे. (बाहेरची माणसे नेहमी चांदूर बाजारशी घोटाळा करतात. आमचे चांदूर बडनेऱ्याहून वर्ध्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे.) दोघांनी धरून मला घरी आणले, बाजेवर निजवले आणि मग उपचारांची रीघ लागली. शेजारचे काका म्हणाले, "उसण भरली. पायाळू पोराचा पाय लावा." लगेच एका पायाळू पोराला बोलावणे गेले. त्या बिचाऱ्याने लाजत लाजत माझ्या कंबरेला तीनदा पाय लावला. एवढ्याने कोणाचे नुकसान होत नाही. पण काही गावांत पाय लावण्याऐवजी पाठीवर लाथ मारतात, उभे राहून तुडवतात. ते मात्र कोणाला करू देऊ नका. आईने तोवर बिब्बा काढला होता. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात आणि मूळ दुखणे जागच्या जागी राहते. तिला कसेबसे थांबवले.

तिसऱ्या दिवशी अमरावतीला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला उताणे निजवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला. अंगठा वर ओढायला लावला, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावले, पायाला टोचून कोठे बधिर तर नाही ना ते पाहिले. लघवी-शौचाला त्रास आहे का, ताप येतो का, पडला होता का, हे विचारले. मग म्हणाले, स्नायू आणि मणक्यांमधली गादी ह्यांना ताण बसला आहे, पायाची ताकद शाबूत आहे, फोटो काढायची सध्या गरज नाही. दोन दिवस पडून काढले तेवढे पुरे, आता हळूहळू चाला.

मला हे पटेना. आमच्याकडे समज असा की कंबर दुखली की महिनाभर फळीवर निजायचे. पण ह्याचा प्रयोग फार पूर्वीच झाला आहे. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माझ्यासारख्याच काही रोग्यांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणावर राहायला सांगितले. बरे होण्यात दोघांत फरक पडला नाही. उलट दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले. अंथरुणात पडून राहिल्याने कंबरेचे स्नायू सैल पडतात आणि मनात भीती बसते. भीती बसलेला माणूस लाकडासारखा ताठ चालतो, आणि ताठ चालण्याने आणखी दुखते.

असो. चालायला लागलो. घरापासून विहिरीपर्यंत, मग धुऱ्यापर्यंत. दोन आठवड्यांत बरे वाटू लागले, आणि येथेच मी चूक केली. ती चूक मोकळेपणाने सांगतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळजण हीच करतील.

मुलाच्या मोबाइलवर योगासनांचा एक कार्यक्रम सापडला. एक सडपातळ तरुण गोड हसत उभ्याने वाकून कपाळ गुडघ्याला टेकवीत होता. मला वाटले, कंबर आखडली आहे, तर तिला ताणली पाहिजे. भल्या पहाटे उठून मी पादहस्तासन सुरू केले. बोटे जमिनीला टेकत नव्हती, तरी हिसके देऊन टेकवली. पहिल्या दिवशी शूरत्व वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठता येईना, आणि आता कळ कंबरेत न थांबता मांडीमागून पोटरीपर्यंत उतरली होती. दोन आठवड्यांची कमाई दोन सकाळींत गेली. हरभरा दुसऱ्याच्या हातून पेरून घ्यावा लागला, आणि कापसाच्या वेचणीचा सारा भार मंडळींवर पडला. "एवढा दम नव्हता तं कायले उड्या मारल्या?" असे ती म्हणाली. ह्यावर मी काय बोलणार?

डॉक्टरांनी पुन्हा तपासले. ताकद अजून शाबूत होती. ते म्हणाले, आसने करा, पण पाहून करणाऱ्या माणसाकडून शिका.

असा माणूस गावातच होता. आमच्या शाळेचे निवृत्त व्यायाम शिक्षक, सारा गाव त्यांना गुरुजी म्हणतो. ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तयार झालेले. आपल्या जिल्ह्यातल्या ह्या संस्थेचे महत्त्व आपल्यालाच पुरते ठाऊक नसते. वैद्य बंधूंनी १९१४ साली ती सुरू केली, आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तिच्या चमूने तेथे जाऊन मल्लखांब, कबड्डी असे आपले देशी खेळ करून दाखवले. गुरुजींनी माझी हकीकत ऐकली, हसले नाहीत, एवढेच विचारले, "दिवसभर वावरात वाकूनच रायतं ना तू?"

"हो जी."

"मंग घरी येऊन आणखी कायले वाकतं?"

वाचकहो, माझ्या मते आपल्यासारख्यांच्या योगाभ्यासाचे मर्म ह्या एका प्रश्नात आहे. आपली कामे मोजून पाहा. निंदण वाकून, सोंगणी वाकून, वेचणी वाकून, पंप पाठीवर घेऊन पुढे झुकून, कट्टा उचलायचा तोही वाकून. शहरातला माणूस खुर्चीत बसून आखडतो, त्याला अंग सर्व बाजूंनी हलवायला हवे. आपले अंग हलते खरे, पण एकाच बाजूला. म्हणून "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला" हे म्हणणे खोटे आहे. राबण्याने अंग झिजते, पण सावरले जात नाही. वावरात जे होत नाही ते घरच्या सतरंजीवर करायचे.

ह्याचे कारणही समजून घ्या. दोन मणक्यांमध्ये एक लवचीक गादी असते. स्वीडनमधील नाचेमसन नावाच्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात माणसाच्या कंबरेतल्या गादीवर किती दाब येतो हे प्रत्यक्ष सुई घालून मोजले. निजलेल्या माणसात तो सर्वांत कमी, उभ्याने त्याहून जास्त, आणि पुढे वाकून हातात ओझे घेतले की फारच जास्त. ओझे अंगापासून जितके लांब तितका ताण वाढतो. धाटे दांड्याच्या टोकाला बांधून उचलून पाहा, मग कळेल. फवारणीच्या पंपात १६ लिटर पाणी म्हणजे १६ किलो, त्यात पंपाचे वजन, असे वीसेक किलो घेऊन आपण तासन् तास चालतो. युरियाची गोणी ४५ किलोची. कंबर बोलते ती उगीच नाही.

गुरुजींनी मला पहिले पंधरा दिवस काय करायला लावले ते आता सांगतो. तुम्ही पाहाल तर म्हणाल, हा काय व्यायाम आहे? मीही तेच म्हणालो होतो.

सतरंजीवर उताणे निजायचे आणि दोन्ही पोटऱ्या बाजेवर ठेवायच्या, म्हणजे मांड्या उभ्या आणि गुडघे काटकोनात. एक हात पोटावर. श्वास घेताना पोट वर यावे, सोडताना खाली जावे, एवढेच पाहायचे. दहा मिनिटे. पहिल्या दिवशी मला तेवढा वेळ पडवेना, सारखे वाटे की बैल सुटला, कोणी हाक मारली. चौथ्या दिवशी लक्षात आले की श्वास सोडताना कंबर आपोआप जमिनीला टेकते. तोवर ती अधांतरीच असायची. मग पालथे निजून मकरासन, हातांवर कपाळ ठेवून, पाच मिनिटे. ते सोसले की कोपरे खांद्यांखाली आणून छाती थोडी उचलायची आणि कंबर सैल सोडायची. भुजंगासनाची ही पहिलीच पायरी. साप फणा काढतो तसे पूर्ण भुजंगासन त्यांनी मला महिनाभर करू दिले नाही. "साप व्हाची घाई नोको करू," म्हणाले.

दुखण्याकडे कसे पाहायचे, हे त्यांनी आधी शिकवले, आणि पुढे डॉक्टरांनीही त्याला दुजोरा दिला. पायातली कळ वर सरकून कंबरेत गोळा होत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते चांगले लक्षण. कळ कंबरेतून खाली पायात उतरू लागली, तर ते आसन तेथेच थांबवायचे. ओढ बसल्यासारखे वाटणे वेगळे आणि विजेसारखी चमक वेगळी. आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. उठताना कालच्यापेक्षा जास्त आखडले असेल, तर काल जास्त झाले. आज त्याच्या निम्मे करायचे.

येथे एक इशारा देतो. मला पाठ मागे नेण्याने आराम पडला, म्हणून तो सगळ्यांनाच पडेल असे नाही. काही म्हाताऱ्या माणसांचे दुखणे उलटे असते. थोडे चालले की पाय भरून येतात आणि बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते. त्यांनी भुजंगासनाच्या वाटेला जाऊ नये. म्हणूनच एकाचे औषध दुसऱ्याला देऊ नये, आणि मोबाइलवरचा तरुण तुमची कंबर पाहू शकत नाही.

पंधरा दिवसांनी तीन आसने वाढली. गुडघे आणि हात टेकून मांजरीसारखे उभे राहायचे, श्वास सोडताना पाठ वर आणि घेताना खाली. हे मार्जरासन, आणि आखडलेल्या कंबरेला ह्यासारखे सोपे वंगण नाही. मग उताणे निजून पाय दुमडून पुठ्ठे उचलायचे, हे सेतुबंधासन. ह्यात पुठ्ठ्याचे स्नायू राबतात, आणि पोते उचलताना कंबरेचा भार वाटून घेणारे खरे भाऊबंद तेच. शेवटी पालथे निजून एकेक पाय वीतभर उचलणे, अर्धशलभासन. प्रत्येक पाच वेळा, पुढे दहा वेळा. हिसका कोठेच नाही, श्वास कोंडणे नाही. सारे मिळून वीस मिनिटे, आणि त्यानंतर पुन्हा पोटऱ्या बाजेवर.

साधनांसाठी खर्च काहीच नाही. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार ह्यांनी दोऱ्या, घोंगड्या, पाट, भिंत ह्यांच्या आधाराने आखडलेल्या माणसांकडूनही आसने करवून घेतली, आणि आज साऱ्या जगात ती रीत चालते. ते १९३७ पासून पुण्यात शिकवीत होते. १९७९ साली, साठी गाठलेली असताना, स्कूटरच्या अपघातात त्यांना स्वतःला दुखापत झाली, आणि एवढ्या मोठ्या योगाचार्यालाही पुन्हा आरंभापासून आसने घोटावी लागली. ही हकीकत गुरुजींनी मला सांगितली तेव्हा माझी लाज निम्मी झाली. आपल्या घरी घोंगडी आहे, कासरा आहे, बाज आहे, मातीची का होईना भिंत आहे. आणखी काय पाहिजे?

आता तुम्ही विचाराल, ह्या साऱ्याला काही शास्त्राचा आधार आहे, की गुरुजी म्हणतात म्हणून करायचे? आधार आहे, आणि तो आपल्याच महाराष्ट्रात शोधायला सुरुवात झाली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि आसनांनी शरीरात काय घडते हे यंत्रांनी तपासायला घेतले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. के. के. दाते ह्यांनी १९६९ साली रक्तदाबाच्या ४७ रोग्यांवर शवासनाचा प्रयोग प्रसिद्ध केला आणि पुष्कळांना त्याचा गुण आला. (म्हणून रक्तदाबाची गोळी मनाने बंद करायची नाही, बरे का.) कंबरेपुरते बोलायचे तर अमेरिकेत बोस्टनकडच्या ३२० जुनाट कंबरदुखीच्या रोग्यांवरचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ती माणसे बहुतांशी गरीब कुटुंबांतली होती. बारा आठवड्यांच्या सौम्य योगाने त्यांना फिजिओथेरपीइतकाच गुण आला. २०२२ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. त्यात काहीच व्यायाम न करण्यापेक्षा योग बरा, पण फायदा थोडाच, आणि काहींची कंबर योगाने उलट जास्त दुखली, असे स्पष्ट म्हटले आहे. चमत्कार नाही हे आधीच कळलेले बरे. मला तीन महिने लागले.

पण आसनांएवढेच काम उचलण्याच्या रीतीने केले. आता कट्टा आम्ही दोघे मिळून धरतो, छातीशी घेतो, गुडघ्यांत वाकतो आणि वळायचे असेल तेव्हा कंबर न पिळता पाय टाकून वळतो. माझ्या कंबरेने दगा दिला तो वळतानाच. पंप जमिनीवरून उचलून खांद्याला लावत नाही. तो धुऱ्यावर किंवा बंडीच्या कडेवर ठेवतो, दोन्ही पट्ट्यांत हात घालतो आणि मग उभा होतो. निंदताना अर्ध्या तासाने उठतो, कंबरेवर हात ठेवून पाच वेळा मागे झुकतो. पहिल्या दिवशी बाया हसल्या. आता त्याही उठतात.

बायांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, आणि ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. मी ओसरीत सतरंजीवर पडलेला असे, तेव्हा मंडळी समोरून पाण्याची घागर घेऊन जात असे. एक दिवस थांबून म्हणाली, "तुमची कंबर दुखली तं बाज, आमची दुखली तं बाम." मी विचारले, तुझी दुखते? तर म्हणे, थोरल्याच्या बाळंतपणापासून दुखते. वीस वर्षे एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हते. वेचणीत ओटी भरेपर्यंत ती पोटाशी बांधलेली असते, पाच-सात किलो कापूस कंबरेला पुढे ओढत असतो, आणि तशात वाकून वेचायचे. तिला गुरुजींच्या मुलीने आसने शिकवली. पुरुषाने शिकवलेले तिला संकोचाचे वाटत होते, आणि त्यात चूक काही नाही. ओटी अर्धी भरली की रिकामी करायची, हेही ठरले. चकरा वाढतात, वेळ थोडा जातो, पण संध्याकाळी कंबर धरून बसावे लागत नाही.

तिचा खरा प्रश्न वेळेचा होता. आसने रिकाम्या पोटी करायची, म्हणजे पहाटे. आणि पहाटे बाईला पाणी, झाडलोट, चूल, डबे. योगाच्या पुस्तकांत "पहाटेच्या शांत वेळी" असे लिहिलेले असते; ते लिहिणाऱ्याच्या घरी पाणी कोण भरत होते कोण जाणे! शेवटी पाणी मी भरायला घेतले. घागर ठेवून दिली, दोन्ही हातांत अर्धी-अर्धी बादली, म्हणजे भार दोन्हीकडे सारखा. गावात थोडी चर्चा झाली. ती आठ दिवसांत थांबली.

काही गोष्टी मात्र सतरंजीच्या हद्दीत येत नाहीत, त्या पक्क्या ध्यानात ठेवा. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासे झाले, तर रात्र असली तरी गाडी करून मोठ्या दवाखान्यात न्या. त्यात उशीर झाला तर पाय कायमचे अधू होऊ शकतात. बंडीवरून, झाडावरून पडल्यानंतरची कंबरदुखी, ताप किंवा वजन घटण्यासह आलेली, म्हाताऱ्या माणसाला साध्या धक्क्याने अचानक सुरू झालेली, ह्यांतही आधी डॉक्टर. गरोदर बाई, अंतर्गळ असलेला, नुकतेच ऑपरेशन झालेला, हृदयाचा रोगी ह्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पालथे निजू नये आणि जोर लावू नये. शीर्षासनाचे नाव तर आपण काढूच नये.

शिकायला जायचेच असेल तर अमरावतीचे व्यायाम मंडळ आमच्या चांदूरहून तीसएक किलोमीटरवर आहे. नागपूरला जनार्दनस्वामींचे योगाभ्यासी मंडळ आहे. स्वामींनी आसनांचा प्रसार हेच आपले काम मानले होते. सूर्यनमस्काराला मी तिसरा महिना संपल्यावर हात घातला, तेही तीनच, आणि पुढे वाकताना गुडघे सैल ठेवून. गुरुजी शेजारी काठी घेऊन उभे होते. काठी मारायला नव्हती, माझी पाठ कोठे वाकते ते दाखवायला होती.

यंदा सोयाबीनचे कट्टे पुन्हा ओसरीत आले. मुलगा एकटाच एक उचलायला धावला, तेव्हा त्याची आई आतून ओरडली, "थांब, बापाले येऊ दे, दोघं मिळून धरा." मी सतरंजी गुंडाळत होतो. ती तशीच टाकून उठलो.